जुन्या गाडीला जाड ऑईल?

शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. मुलांना रोज एकच गोष्ट बजावतो : आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. या महिन्यात जी हकीकत सांगणार आहोत ती आम्ही स्वतः न वाचता दिलेल्या उत्तराची आहे. त्या उत्तराची किंमत 28,000 रुपये झाली. शिवाय भर पावसात कुंभार्ली घाटात आजारी अम्मींना घेऊन दोन तास बसावे लागले, ते वेगळेच.

या सदरात आपण एरवी मुलांचा अभ्यास, घरखर्च, सासर-माहेरची नाती यांवर बोलतो. आज गाडीच्या ऑईलवर बोलायचे आहे. बहिणींनो, पान उलटू नका. घरातला पुरुष परगावी किंवा आखातात आणि दारातली गाडी आपल्या ताब्यात, अशी घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. गाडी चालवायला आपण शिकलो, पण तिच्या पोटात काय घालायचे हे अजून दुसरेच ठरवतात.

आमचे हे कुवेतला असतात. सहा वर्षांपूर्वी सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी एक छोटी डिझेल गाडी घेतली, 2010 सालची, जुनीच. इंजिन 1.3 लिटरचे, टर्बोचे. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना हृदयाचा त्रास आहे, दर तीन महिन्यांनी कराडला दाखवायला न्यावे लागते. चिपळूणहून कराड म्हणजे कुंभार्ली घाट आलाच.

दोन वर्षांपूर्वी ऑईल बदलायला गाडी रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने कोपऱ्यातल्या पिंपातून ऑईल काढले. आम्ही विचारले, कुठले घालतोस? तो म्हणाला, "20डब्ल्यू-50. गाडी जुनी आहे, हवा गरम आहे, जाड ऑईलच पाहिजे. आपा, तुम्ही शाळा बघा, गाडी आम्ही बघतो." आम्हाला ते पटले. खरे सांगायचे तर बिल नऊशे रुपयांनी कमी झाले, म्हणून जास्तच पटले. गाडीचे माहितीपुस्तक पुढच्या खणात होते, पण ते काढून पाहिले नाही.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही ऑईल बदललेच नाही. गाडी फिरते किती, तर शाळा, बाजार आणि तीन महिन्यांनी कराड. जेमतेम 9,000 किलोमीटर झाले होते. मग बदलायचे कशाला, असा आमचा हिशेब.

ऑगस्टमधली दुपार होती. मागे अम्मी, बाजूला थोरला मुलगा. पोफळी सोडून घाट चढू लागलो तशी इंजिनातून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. दोन वळणांनंतर ती वाढली. मग पाय कितीही दाबला तरी गाडी ओढेना. आरशात पाहिले तर मागचा रस्ता निळसर धुराने भरलेला. आम्ही गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. त्या दिवशी आमच्या हातून झालेले शहाणपणाचे काम तेवढे एकच. एका पिकअपवाल्याने दोर बांधून आम्हाला खाली आणेपर्यंत संध्याकाळ झाली. अम्मी एका शब्दाने काही बोलल्या नाहीत, नुसत्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. तो हात आम्हाला अजून दिसतो. डॉक्टरांची वेळ चुकली, ती पुन्हा चार दिवसांनी मिळाली.

चिपळुणातल्या एका वयस्क उस्तादांनी टर्बो खोलला. आतला दांडा बोटाने हलवून दाखवला, तो खिळखिळा झाला होता. टर्बोला ऑईल पोहोचवणारी बारीक नळी त्यांनी खिळ्याने खरवडली, तर आतून काळी खरपुडी निघाली, तव्याला भाकरी करपून चिकटावी तशी. मग त्यांनी तीन सवाल केले. ऑईल कुठले होते? कधी बदलले होते? आणि घाट चढून वर आलात की गाडी कशी बंद करता?

तिन्ही सवालांची आमची उत्तरे चुकीची होती. ते तीन सवालच आज क्रमाने घेऊ. पण त्याआधी टर्बो म्हणजे काय, ते दोन शब्दांत.

टर्बोचे सगळे ऑईलवर

इंजिनातून धूर बाहेर पडतो तेव्हा त्यात ताकद आणि उष्णता शिल्लक असते. ती वाया न घालवता त्या धुरावर एक पंखा फिरवायचा, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल जळते आणि छोट्या इंजिनातून मोठी ताकद मिळते. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट 1905 साली घेतले.

छोट्या गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याच्या एका बाजूला सातशे-आठशे अंशांचा धूर आणि दुसऱ्या बाजूला साधी हवा. हा दांडा बेअरिंगला टेकून फिरत नाही, ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. तेच ऑईल त्याला झिजू देत नाही आणि तेच त्याची उष्णता वाहून नेते. ऑईल काही क्षण उशिरा पोहोचले किंवा कमी पोहोचले तर धातू धातूला घासतो. साध्या इंजिनाने जे निभावून नेले असते ते टर्बो निभावून नेत नाही, याचे कारण हेच.

पहिला सवाल : ऑईल कुठले?

डब्यावर 5डब्ल्यू-30, 15डब्ल्यू-40, 20डब्ल्यू-50 असे आकडे असतात. आम्ही इतकी वर्षे मराठी-उर्दूचे धडे वाचवून घेतले, पण ही एक ओळ आम्हाला वाचता येत नव्हती. ती अशी वाचायची.

डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ऑईल थंड असताना किती सहज वाहते ते सांगतो. आकडा जितका लहान तितके ते थंडपणी चपळ. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे 100 अंशांना, ऑईल किती दाट राहते ते सांगतो. 30 पेक्षा 40 दाट, 40 पेक्षा 50 दाट.

आता कोणी म्हणेल, आमच्या कोकणात कुठली आली थंडी? आम्हीही तेच म्हटले. पण इंजिनाच्या दृष्टीने सकाळचे 25 अंशही थंडच. कामाचे तापमान शंभराच्या आसपास असते, त्या मानाने बघा. 40 अंशांना 5डब्ल्यू-30 ऑईलचा दाटपणा साधारण 60 ते 70 सेंटिस्टोक असतो, 15डब्ल्यू-40 चा 110 च्या जवळपास आणि 20डब्ल्यू-50 चा 160 च्या घरात. म्हणजे आमच्या टर्बोच्या बारीक नळीतून रोज सकाळी दुप्पट-अडीचपट घट्ट ऑईल ढकलले जात होते. ते उशिरा पोहोचायचे आणि तोवर दांडा कोरडा फिरायचा.

"हवा गरम म्हणून जाड ऑईल" हेही अर्धवट खरे. आमच्या ह्यांना फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, कुवेतच्या उन्हाळ्यातही त्यांच्या कंपनीच्या गाड्यांत 5डब्ल्यू-30 च घालतात. कारण इंजिनात थर्मोस्टॅट असतो, तो इंजिनाच्या पाण्याचे तापमान साधारण 90 अंशांवर धरून ठेवतो. बाहेर 25 असो की 45, आतले ऑईल कामाच्या वेळी जवळजवळ तेवढेच तापते. म्हणून ऑईल हवामानाच्या अंदाजाने निवडत नाहीत. त्या इंजिनाच्या फटी आणि नळ्या ज्या मापाच्या केल्या आहेत, त्यावरून ते ठरते. आणि ते माप गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलेले असते.

मग जुन्या गाडीला थोडे दाट ऑईल कधीच घालू नये का? घालावे, पण पुस्तकाच्या हद्दीत. आमच्या पुस्तकात 5डब्ल्यू-30 आणि 5डब्ल्यू-40 दोन्ही चालतात असे लिहिले आहे. गाडी आता 1,42,000 किलोमीटर चालली आहे, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये अर्धा लिटर ऑईल पिते. म्हणून उस्तादांनी 5डब्ल्यू-40 सुचवले. तापल्यावर जरा दाट, पण सकाळी तितकेच चपळ. वाढवायचा तो मागचा आकडा, पुढचा नव्हे, आणि तोही एकच पायरी.

नुसता आकडा पाहूनही भागत नाही. 5डब्ल्यू-30 चे दोन डबे शेजारी ठेवा, आतले ऑईल वेगळे असू शकते. आकड्याखाली बारीक अक्षरे असतात. एपीआयमध्ये 'एस' ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनाची, 'सी' ने सुरू होणारी डिझेलची. दुसरे अक्षर पुढे जाईल तसा दर्जा नवा : सीआय-4 आला 2002 साली, सीके-4 आला 2016 साली. युरोपीय बनावटीच्या छोट्या डिझेल इंजिनांसाठी एसीईए हा दर्जा जास्त महत्त्वाचा. त्यात ए3/बी4 लिहिलेले ऑईल खूप ताप आणि दाब असतानाही आपला थर टिकवते, जुन्या टर्बो डिझेलला ते मानवते. ए5/बी5 लिहिलेले ऑईल डिझेल वाचवण्यासाठी मुद्दाम पातळ केलेले असते. ते ज्या इंजिनासाठी सांगितले असेल त्यातच घालावे.

1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर बहुधा डीपीएफ नावाची काजळी अडवणारी गाळणी असते. तिला कमी राख करणारे, 'सी' वर्गातले एसीईए ऑईल लागते. हा 'सी' एपीआयचा नव्हे, दोघांची गल्लत करू नका. ज्या जुन्या गाडीला ही गाळणी नाही तिला त्या महागड्या ऑईलची गरज नाही. पण नव्या गाडीत जुन्या गाडीचे उरलेले ऑईल कधीही ओतू नका, गाळणी बुजते.

राहिला मिनरल की सिंथेटिक हा प्रश्न. साधे मिनरल ऑईल टर्बोच्या उष्णतेत लवकर करपते, फुल सिंथेटिक जास्त ताप सोसते. टर्बोच्या गाडीत पैसे वाचवायची जागा ही नव्हे. "जुन्या गाडीत सिंथेटिक घातले की गळती लागते" असेही ऐकवतात. गळती लागली तर सील झिजलेले असते, जाड ऑईल ते नुसते झाकून ठेवत असते. सील बदलावे.

हे सगळे आम्ही घरी सांगत होतो तेव्हा अम्मी शिलाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होत्या. त्यांनी पाय थांबवला आणि विचारले, "मशीनला आपण खोबरेल घालतो का?" आम्ही म्हटले, नाही, ते चिकटते, मशीन जाम होते. "का घालत नाही? खोबरेल घरचे असते, स्वस्त असते." एवढे बोलून त्यांनी पुन्हा मशीन सुरू केले. आमची बोलती बंद.

दुसरा सवाल : कधी बदलले होते?

उस्तादांचे मत स्पष्ट होते. जाड ऑईलने नुकसान केले, पण त्याहून जास्त नुकसान दीड वर्षाने केले. ऑईलची मुदत किलोमीटर आणि महिने, यांतले जे आधी भरेल ते. बहुतेक पुस्तकांत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष असे काहीसे असते. गाडी कमी चालते म्हणून ऑईल टिकते, हा आपला भ्रम. घर ते शाळा चार किलोमीटर, तेवढ्यात इंजिन नीट तापतही नाही. आतली वाफ आणि न जळलेले डिझेल ऑईलमध्येच मुरते आणि उडून जात नाही. छोट्या फेऱ्यांची गाडी म्हणजे ऑईलला कठीण काम. आम्ही आता 7,500 किलोमीटर किंवा एक वर्ष असा नियम केला आहे, आणि ऑईलबरोबर फिल्टर प्रत्येक वेळी.

डिझेल गाडीचे नवे ऑईल थोड्याच दिवसांत काळे पडते. त्याने घाबरू नका. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. काळा रंग म्हणजे खराब ऑईल नव्हे, आणि सोनेरी रंग म्हणजे चांगले ऑईल नव्हे.

ज्या इंजिनात बराच काळ चुकीचे ऑईल होते, ते एकदम धुऊन काढायच्या रसायनांच्या नादी उस्तादांनी लागू दिले नाही. सुटलेला गाळ खालची जाळी बुजवतो आणि आहे तेही ऑईल वर चढत नाही. त्यांनी खालचे पात्र उतरवून हाताने साफ केले, टर्बोची ऑईलची नळी नवी घातली आणि चांगले ऑईल भरून 2,000 किलोमीटरवरच पुन्हा बदलायला लावले. जुनी बुजलेली नळी तशीच ठेवली तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो, हे त्यांचे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसरा सवाल : गाडी बंद कशी करता?

घाट चढून वर आलो की चहाच्या टपरीजवळ गाडी लावायची आणि लगेच चावी फिरवायची, ही आमची सवय. इंजिन बंद झाले की ऑईलचा पंपही बंद होतो. टर्बो मात्र तापून लाल झालेला असतो. त्याची उष्णता आत शिरते, तिथे साचलेले ऑईल करपते आणि थरावर थर चढत जातो. नळीतली खरपुडी अशीच तयार झाली होती.

उपाय फुकटचा आहे. घाट किंवा हायवे करून आलात तर इंजिन मिनिटभर, फार तर दोन मिनिटे, नुसते चालू ठेवा, मग बंद करा. गावातल्या गावात हळू फिरून आलात तर थांबायची गरज नाही. आणि सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा. पहिले काही किलोमीटर इंजिन ओरडेल असे दामटू नका.

ऑईल मोजायचे कसे, हेही शिकून घ्या. सपाट जागी गाडी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा. डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, पुन्हा घाला, काढा आणि पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी तर वाईटच, पण जास्तही वाईट. वरच्या खुणेच्या वर भरले तर ऑईल घुसळून फेस होतो आणि हवेच्या वाटेने इंजिनात जाऊन जळू शकते. डिझेल गाडी स्वतःचे ऑईल पिऊन बेफाम पळू लागली तर चावी काढूनही थांबत नाही. म्हणून निळा धूर आणि वाढती शिट्टी दिसली की "घरी पोहोचू आणि मग पाहू" असे म्हणू नका.

विकत घेताना

बनावट ऑईलचा धंदा आपल्याकडे चालतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑईल पिंपातले घेऊ नका, बंद डबाच घ्या, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह. सील, बॅच नंबर आणि तारीख पाहा. डबा आपल्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा भोक पाडून टाका, म्हणजे तो कोणी पुन्हा भरणार नाही. स्कूटरचे, ट्रॅक्टरचे उरलेले ऑईल "थोडेसेच आहे" म्हणून कारमध्ये नको.

निघालेले जळके ऑईल विहिरीजवळ, वहाळात ओतू नका. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते घरी आणायची आपल्याकडे पद्धत आहे, पण ते हाताला लागणे बरे नव्हे. ऑईल गोळा करून परवानाधारकाकडे देणाऱ्या गॅरेजमध्येच ते सोडून या.

शेवटी आमचा हिशेब. बरोबर ऑईल घ्यायला 900 रुपये जास्त लागले असते. ते वाचवले आणि 28,000 घातले. पैशाचे दुःख ओसरले. पण घाटातल्या त्या दोन तासांत अम्मींना काही झाले असते तर कुठल्या गॅरेजला दोष दिला असता? पुस्तक आमच्याच गाडीत होते आणि वाचता आम्हालाच येत होते.

गेल्या महिन्यात पुन्हा कराडला गेलो. घाट चढून टपरीपाशी गाडी लावली आणि आम्ही चावीला हात घातला, तोच मागून अम्मी म्हणाल्या, "थांब. तिला जरा दम घेऊ दे." मग इंजिनाची घरघर ऐकत आम्ही तिघे मिनिटभर गप्प बसलो.